हौसाकाकूंची खूण

“काकू, पहिल्या ओळीत काय?”

“एक.”

“एक नाही हो! पहिल्या ओळीत चार. एक कुणापुढं?”

“ताटेसायबाम्होरं.”

“आणि ताटेसाहेब कितव्या ओळीत?”

हौसाकाकूंनी डोक्यावरचा पदर पुढे ओढला, समोरच्या कागदाकडे बघितलं आणि मग माझ्याकडे. मी टेबलाखालून दोन बोटं दाखवली.

“दुसऱ्या,” काकू म्हणाल्या.

“मंदाताई,” भिसे भाऊसाहेब चष्म्यावरून बघत म्हणाले, “उद्या आत तुमची बोटं दिसणार नाहीत त्यांना. आत प्रत्येकानं एकट्यानं जायचंय.”

सगळे हसले. मीही हसले. पण आत एकटीनं जायची भीती काकूंपेक्षा मलाच जास्त होती.

या गोष्टीला वीसेक वर्षं झाली. मी टाकळगाव नगरपालिकेत पहिल्यांदाच निवडून आले होते आणि विधान परिषदेची निवडणूक लागली होती. तिच्यात सामान्य लोकांना मत नसतं. आमच्यासारखे नगरसेवक आणि जिल्हा परिषदेचे सदस्य, एवढेच मतदार. त्यामुळे ज्याला एरवी कुणी चहा विचारत नाही त्याचाही भाव वधारतो. आम्हा सतरा जणांना पक्षानं बसमध्ये घालून डोंगरातल्या एका लॉजवर आणून ठेवलं होतं. याला सहल म्हणायचं. या सहलीत मोबाइल काढून घेतात, फाटकाला कुलूप घालतात आणि दिवसातून चार वेळा पोट फुटेस्तोवर खायला घालतात.

मत गुप्त असतं असं कायद्यात लिहिलंय. पण भिसे भाऊसाहेब निवृत्त तलाठी होते, त्यांनी उभ्या हयातीत कायदे पुष्कळ पाहिले होते. मतपत्रिकेवर सात नावं होती. आमच्या पक्षाचे जयसिंग ताटे दुसऱ्या ओळीत, त्यांच्याविरुद्धचे उंडे सर पाचव्या ओळीत. उरलेले पाच नुसते भरतीचे. त्यात एक आमच्या नेत्यांचा, तात्यांचा, ड्रायव्हर होता आणि एक लॉजमालकाचा मेहुणा. या निवडणुकीत शिक्का मारत नाहीत, नावांपुढे पसंतीचे आकडे लिहितात. आवडीच्या उमेदवारापुढे एक, त्यानंतरच्या पसंतीच्या नावापुढे दोन, असं. ताटेंपुढे आम्ही सगळ्यांनी एक लिहायचा आणि उंडे सरांची ओळ कोरी सोडायची, हे ठरलेलंच होतं. भाऊसाहेबांची करामत पुढच्या आकड्यांत होती. भरतीच्या पाच नावांपुढे कुणी कोणते आकडे कुठे लिहायचे हे त्यांनी प्रत्येकाला वेगवेगळं नेमून दिलं होतं. ही ज्याची त्याची खूण. मतमोजणीच्या वेळी पक्षाची माणसं यादी घेऊन समोर बसणार आणि एकेक खूण दिसली की तिच्यावर टिक करणार. ज्याची खूण निघाली नाही, तो फुटला.

माझी खूण सोपी होती. दुसऱ्या ओळीत एक, सातव्या ओळीत दोन, संपलं. हौसाकाकूंच्या वाट्याला सहाच्या सहा आकडे आले होते: वरून चार, एक, सहा, दोन, मग एक कोरी ओळ, मग पाच, तीन. चार दिवस भाऊसाहेब खोट्या मतपत्रिका वाटून आमची तालीम घेत होते आणि काकूंचं गणित चार दिवसांत एकदाही जुळलं नव्हतं. काकू अंगठेबहाद्दर असत्या तर त्यांना आत सोबती नेता आला असता. पण त्या प्रौढ शिक्षणाच्या वर्गात सही शिकल्या होत्या आणि त्याचा त्यांना फार अभिमान होता.

“भाऊसाहेब, मला जरा सोप्पं द्या की बदलून,” काकू म्हणाल्या.

“आता बदलत नाही. यादी तात्यांकडं गेली, तिथून जिल्ह्याला गेली. घोका.”

मंडईत पालेभाजीची पाटी लावणारी साठीची बाई कागद पुढे धरून पुटपुटत घोकायला लागली. बघून वाईट वाटत होतं आणि हसूही येत होतं.

माझी भीती निराळी होती. मला ताटेंना मत द्यायचं नव्हतं.

निवडून येण्याआधी मी नगरपालिकेच्या बालवाडीत ताई होते. बालवाडीची खोली ताटेंनी बांधली होती. तेव्हा ते नुसते ठेकेदार होते. बांधून वर्ष झालं नाही तोच एका दुपारी स्लॅब खाली आला. मुलं खिचडी खायला बाहेर बसली होती म्हणून वाचली. राणी नावाची चार वर्षांची पोरगी तेवढी चप्पल आणायला आत गेली होती. तिचा उजवा पाय गुडघ्याखालून कापावा लागला. मी तिला दगडांतून ओढून काढलं तेव्हा ती रडतसुद्धा नव्हती, नुसती माझ्याकडे बघत होती. चौथ्या दिवशी तात्यांनी मला घरी बोलावून एक कागद पुढे केला. वीज पडून स्लॅब कोसळला, असं त्यावर लिहिलं होतं. त्या दिवशी आभाळात ढगही नव्हता, पण मी घाबरून सही केली. वर्षभरानं तात्यांनीच मला वॉर्डाचं तिकीट दिलं. का दिलं ते त्यांनाही ठाऊक होतं आणि मलाही.

उंडे सर म्हणजे काही देवमाणूस नव्हते. निवृत्त हेडमास्तर, तिरसट, समोरच्याचं अर्धं वाक्य झालं की चूक काढणारे. लहानपणी मी त्यांचा मार खाल्लेला होता. पण राणीला स्वतःच्या स्कूटरवरून मिरजेच्या दवाखान्यात तेच घेऊन गेले होते आणि स्लॅबच्या चौकशीसाठी कलेक्टर ऑफिसचे उंबरे तेवढ्या एका माणसानं झिजवले होते.

दुपारच्या जेवणाला तात्या स्वतः आले. मऊ बोलणारा माणूस. त्यांचा आवाज कधी चढलेला कुणी ऐकला नव्हता, आणि त्याचीच दहशत होती. ते प्रत्येकाच्या ताटापाशी थांबून विचारपूस करत फिरले. माझ्यापाशी आले.

“मंदाताई, जेवण बरं आहे ना?”

“हो, तात्या.”

“धनाजीराव काय म्हणतात? टेम्पो बरा चाललाय?”

“हो.”

“चालू द्या. गाडीला जपायला सांगा त्यांना. आपल्या गावात गाड्याघोड्यांचं काही खरं नाही. तो आपला बबन, वेल्डिंगवाला. चांगलं चाललेलं दुकान. वाईट झालं.”

एवढंच बोलून ते पुढच्या ताटाकडे सरकले. मागच्या वेळी बबन फुटला होता. निकालानंतर तिसऱ्या दिवशी भरदुपारी त्याचं दुकान पेटलं. समोर भरलेला बाजार होता आणि कुणी काही पाहिलं नाही. बबन बायकामुलं घेऊन गाव सोडून गेला. माझ्या नवऱ्याचा टेम्पो आमच्या दारात उघड्यावर उभा असायचा, आणि दारापलीकडे चार पावलांवर माझा मुलगा झोपायचा.

जेवणानंतर काकू आणि मी बायकांच्या खोलीबाहेर व्हरांड्यात बसलो. काकू कागद मांडीवर घेऊन मान डोलवत होत्या. एकाएकी त्यांनी कागद बाजूला ठेवला आणि डोळ्याला पदर लावला.

“काय झालं, काकू?”

“न्हाई जमायचं गं मला. बाद झालं मत तर? तात्या म्हनतील, म्हातारी फुटली. तीस वर्सं झेंडा धरला मी, आन् शेवटाला हे.”

“रडू नका. असं करू, माझी खूण तुम्ही घ्या. दोनच आकडे आहेत. तुमची मी लिहिते.”

“आन् भाऊसायेब?”

“त्यांना सतरा खुणा मोजायच्यात. सतरा निघाल्या की झालं. कोणती कुणी लिहिली, कोण विचारतंय?”

काकूंचा चेहरा एकदम उजळला. आम्ही चिठ्ठ्या बदलल्या. देवाशपथ सांगते, त्या वेळी माझ्या मनात काकूंची कीव, याखेरीज दुसरं काही नव्हतं.

“काकू, तुम्हाला ताटे पसंत आहेत?” मी आवाज खाली करून विचारलं.

“मला कशाला पसंत पडाया पायजेत? माझी सोयरीक हाय का त्यांच्यासंगं?”

“राणीचा पाय गेला, काकू.”

“ठावं हाय.” त्यांनी चिठ्ठी कमरेला खोचली. “हे बघ मंदा, मालक गेले तवा मला कुनी दारात उभं करत नव्हतं. भावकीनं घराला कुलूप घातलं. पक्षाची मान्सं आली, कुलूप तोडलं, मंडईत कट्टा दिला. तवापास्नं मी इचार सोडला. धा जनांनी बसून ठरवायचं, मी हात वर करायचा. चुकलं तर धा जनांचं चुकलं. एकलीनं ठरवलं आन् चुकलं, तर रातच्याला झोप कशी यायची?”

“आणि दहा जणांनी मुद्दाम चूक केली तर?”

“तू शिकल्याली हाईस. मला न्हाई कळत.” त्यांनी माझा हात धरला. “पन उद्या काय वंगाळ करू नगंस. तुझं तोंड चार दिसांपासनं उतरलंया, मी बघतीया. लेकराकडं बघ.”

काकूंनी जे ओळखलं ते तात्यांनीही ओळखलं असेल, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं.

सकाळी बस निघाली. तहसील कचेरीपर्यंत दीड तासाचा घाट, आणि सगळे जण परीक्षेला निघालेल्या पोरांसारखे ओठ हलवत होते. मी मात्र सगळा रस्ता स्वतःशी ठरवत होते आणि मोडत होते. ताटेंना मत दिलं तर स्लॅबच्या कागदावर दुसऱ्यांदा सही केल्यासारखं होतं. नाही दिलं तर टेम्पो, घर, पोरगा. घाटातल्या शेवटच्या वळणापर्यंत मी ताटेंना मत द्यायचं पक्कं केलं होतं. कुणीही केलं असतं, अशी मी माझी समजूत काढली.

कचेरीच्या दारात तात्या उभे होते. एकेकाला पाठीवर थाप मारून आत सोडत होते. काकू माझ्या आधी गेल्या आणि पाच मिनिटांत बाहेर आल्या, घामाघूम, पण चेहरा लग्नघरासारखा. माझ्याजवळून जाताना हळूच म्हणाल्या, “जमलं गं बाई!”

मग माझं नाव पुकारलं. साहेबांनी सही घेतली, मतपत्रिका दिली आणि जांभळं स्केचपेन हातात दिलं. “याच पेननं लिहा, दुसरं चालत नाही.” कोपऱ्यात पुठ्ठ्याचा आडोसा होता. मी आत शिरले आणि माझे गुडघे लटपटायला लागले. टेबलाची कड धरून उभी राहिले. सात नावं. दुसऱ्या ओळीत ताटे, पाचव्या ओळीत उंडे. पेनचं टोपण निघेना. निघालं तेव्हा ते खाली पडलं आणि त्याच्या आवाजानंही मी दचकले. बाहेर कुणीतरी खोकलं. मला वाटलं तात्याच आत आलेत. राणीचा चेहरा आठवायचा मी प्रयत्न करत होते आणि मला बबनचं जळकं शटर दिसत होतं. किती वेळ गेला कुणास ठाऊक. “ताई, झालं का?” साहेबांनी विचारलं.

मग गुडघ्यांतली थरथर थांबली. हातही स्थिर झाला. मी पाचव्या ओळीत एक लिहिला, दुसरा एकही आकडा लिहिला नाही, पत्रिका घडी घालून पेटीत टाकली आणि बाहेर आले.

“झालं?” तात्यांनी विचारलं.

“झालं.”

भाऊसाहेब शेजारीच होते. “म्हणून दाखवा बघू.”

“दुसरीत एक, सातवीत दोन,” मी घडाघडा म्हटलं. माझ्याच आवाजाचं मला नवल वाटलं.

पुढचे दोन दिवस अन्न गोड लागलं नाही. धनाजी म्हणाला, “मंदे, अशी काय करतीयास? दारावर कुनी टिचकी मारली तरी दचकतीस.” त्याला काय सांगणार? मी त्याला टेम्पो त्याच्या मामाच्या गोठ्यात नेऊन लावायला सांगितलं. तो हसला. गोठ्यात म्हशी कुठं ठेवायच्या, म्हणाला. टेम्पो दारातच राहिला.

निकाल लागला. ताटे एकतीस मतांनी निवडून आले. माझ्या मतानं काडीचाही फरक पडला नव्हता. गावात गुलाल उधळला, आमच्या दारापर्यंत आला, आणि मला आशा वाटली की आता आनंदाच्या भरात यादी कोण तपासतंय. दुसऱ्या दिवशी सकाळी निरोप आला: अकरा वाजता सगळ्यांनी कार्यालयात. धनाजीराव, तुम्हीसुद्धा टेम्पो घेऊन या, मिरवणुकीच्या खुर्च्या न्यायच्यात.

कार्यालयाची खोली लांबट, रस्त्याच्या बाजूला खिडकी. आम्ही सतरा जण प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर बसलो. तात्या टेबलामागे. एरवी ते आधी म्हणायचे, “काकू, बसा,” आणि मग सगळे बसायचे. आज ते काहीच बोलले नाहीत. भाऊसाहेबांनी यादी काढली.

“टाकळगावची मतं सतरा. खुणा मिळाल्या सोळा.”

भाऊसाहेब एकेक नाव वाचायला लागले. नाव, मग “मिळाली.” नाव, मग “मिळाली.” ज्याची मिळत होती तो खुर्चीत सैल होत होता.

“वाघमोडे मंदाकिनी. मिळाली. स्वच्छ, कुठं गिरवागिरव नाही.”

“शाबास,” तात्या म्हणाले. “हिच्याविषयी मला शंका होती, खोटं कशाला सांगू? नवीन पोरगी. पण शिका जरा हिच्याकडनं.”

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी मान खाली घातली. ते दोन आकडे काकूंनी काढले होते, जीव मुठीत धरून, वळणदार.

“काळगे हौसाबाई,” भाऊसाहेब म्हणाले आणि थांबले. “नाही मिळाली.”

काकूंना पहिल्यांदा कळलंच नाही. त्या हसऱ्या तोंडानं इकडेतिकडे बघत राहिल्या. मग त्यांचं हसू कमी कमी होत गेलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी त्यांच्या नजरेला नजर दिली आणि लगेच काढून घेतली. तेवढ्यावरून त्यांना सगळं समजलं.

“आकडे चुकले असतील त्यांचे,” कुणीतरी म्हणालं.

“आकडे चुकले असते तर ताटेसाहेबांपुढचा एक तरी राहिला असता,” भाऊसाहेब म्हणाले. “एक चुकीची खूण जास्तीची निघाली असती. तशी नाही निघाली. एक मत सरळ पलीकडं गेलंय.”

बोल, मी स्वतःला म्हटलं. उठ आणि बोल. मी खुर्चीच्या दांड्यावर हात टेकून अर्धी उठलेसुद्धा. आणि मला खिडकीतून आमचा टेम्पो दिसला. धनाजी चाकापाशी वाकला होता. तात्यांची तीन माणसं टेम्पोला टेकून उभी होती. एक जण काडेपेटीतल्या काडीनं दात कोरत होता. त्यात तसं काहीच नव्हतं, माणसं उभी राहतातच. पण मी परत खाली बसले.

“काकू?” तात्या म्हणाले. आवाज नेहमीचाच, मऊ.

काकू उठून उभ्या राहिल्या. त्यांनी पदर दोन्ही खांद्यांवरून घट्ट घेतला.

“मी दिलं,” त्या म्हणाल्या. “उंडे सरास्नी दिलं.”

“का?”

“वाटलं म्हनून.”

“वाटलं?” तात्या पहिल्यांदाच हसले. “काकू, तुम्हाला कधीपासून वाटायला लागलं?”

दोघे-तिघे हसले. अजून वेळ आहे, मला वाटत होतं, अजून बोलता येईल, आता बोलते, हे वाक्य संपलं की बोलते.

“किती मिळाले?” तात्यांनी विचारलं.

“येक पै घेतली असंल तर हात झडून जातील माझे.”

“मग तर जास्तच वाईट. पैशासाठी फुटलेला माणूस पैशानं परत येतो. तुमचं काय करायचं?” त्यांनी यादीची घडी घातली. “सोमवारपासून मंडईतला कट्टा मोकळा करा. आणि या कार्यालयाची पायरी परत चढायची नाही.”

काकूंनी मान हलवली. दारापर्यंत गेल्या, चपला पायात सरकवल्या आणि वळल्या.

“झेंडा धुवाया घरी न्हेलाय मी. काल गुलालानं भरला व्हता. वाळला की पाठवून देते,” त्या म्हणाल्या आणि गेल्या.

त्या दिवशी मी घरी जाऊन ओकले. धनाजीला वाटलं, उन्हाचं असेल.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी काकूंकडे गेले. जाताना तीन गल्ल्यांचा वळसा घातला, कुणी बघू नये म्हणून. काकू अंगणात दोरीवरचा झेंडा काढून घडी घालत होत्या. मला बघून त्यांनी पाट सरकवला. चार टोपल्या आधीच भिंतीला उलट्या टेकवून ठेवल्या होत्या.

“काकू,” मी म्हटलं. रडू फुटलं.

“गप. शेजारी ऐकत्यात.”

“तुम्ही माझं नाव का नाही घेतलंत?”

“आन् काय झालं असतं? माझी काय, पाटी हाय. ती घिऊन रस्त्याच्या कडंला बसीन. तुझं लेकरू हाय.” त्यांनी झेंड्याची घडी गुडघ्यावर दाबून सपाट केली. “पन तीस वर्सांत तात्यांनी मला बसा म्हनलं न्हाई, हे पयल्यांदाच. त्ये लई लागलं, मंदा. कट्ट्याचं न्हाई येवढं लागलं.”

मी रडत राहिले. त्यांनी मला रडू दिलं. मग त्यांनी विचारलं, आणि विचारताना माझ्याकडे बघितलं नाही.

“येक सांग मला. खरं सांग. आत उभी व्हतीस तवा, ही खून माझ्या नावावर हाय, हे तुला आठवलं व्हतं का?”

“नाही, काकू,” मी म्हटलं. “आईशप्पथ नाही. घाबरले होते. काहीच आठवलं नाही.”

त्यांनी मोठा श्वास सोडला. कालपासून त्या एवढ्याचसाठी थांबल्या असाव्यात.

“मग काय न्हाई,” त्या म्हणाल्या. “घाबरल्याल्या मान्साला कुठलं काय आठवतंय? तू तुझ्या मनानं दिलंस, चांगलं केलंस. त्या पोरीचा पाय मला बी दिसतो अधनंमधनं.” त्यांनी झेंडा माझ्या हातात ठेवला. “हापिसात जाशील तवा दे. मला आता चढता याचं न्हाई.”

मी झेंडा नेऊन दिला. तात्यांनी मला बसायला सांगितलं. पुढच्या खेपेला त्यांनी मला न मागता तिकीट दिलं, त्यानंतर उपनगराध्यक्षही केलं, आणि प्रत्येक सभेत ते त्या निवडणुकीची गोष्ट सांगायचे, नवीन पोरगी कशी फुटली नाही याची. मी टाळ्यांमध्ये मान खाली घालून बसायचे. लोक त्याला विनय म्हणायचे. काकू बसस्टँडच्या भिंतीला पाटी लावून बसायच्या. मी भाजी तिथूनच घ्यायचे. त्या मला दोन जुड्या जास्त घालायच्या आणि चारचौघींत सांगायच्या, ही आमची मंदा, हिचं काळीज लई घट्ट हाय.

त्यांना जाऊन आता सहा वर्षं झाली. तात्याही गेले. आता घाबरायला कुणी उरलेलं नाही, म्हणून सांगते. काकूंनी विचारलं त्याचं खरं उत्तर हो असं होतं. आडोशामागे गुडघे लटपटत असताना मला आठवलं की माझ्या हातातली खूण यादीत हौसाबाई काळगेंच्या नावावर आहे, आणि शोध घेतील तेव्हा त्यांच्याच दाराशी येतील. ते आठवलं तेव्हाच माझी थरथर थांबली, आणि मगच मी पाचव्या ओळीत एक लिहिला.